जमादाराचे तांदूळ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि ती तर माझ्या तोंडाकडं बघून ताप ओळखायची. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही. ओळखीच्या माणसानं विचारलं तर मी अजूनही कानावर हात ठेवीन, हे आधीच सांगून ठेवतो.

मी कंपाउंडर. शिरड शहापूरला एका खाजगी दवाखान्यात उभी हयात गेली. सुया उकळल्या, पुड्या बांधल्या, सलाइनी लावल्या. माणसाचा चेहरा मी विसरतो, पण हाताची शीर विसरत नाही. कुणाची वर तरारून येते, कुणाची सुई बघताच पळते, सगळं ध्यानात राहतं. एका माणसाच्या डाव्या हाताची शीर मला अजून दिसते. तिच्यापाशी यायचंय. पण आधी तांदळाचं सांगावं लागेल — आणि त्याच्याही आधी बापाचं.

माझा बाप आचारी होता. आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या बाजूला. त्या भागात लग्न ठरलं की भटजीच्या आधी लोक बापाला विचारायला यायचे. त्याच्या झाऱ्यातून पडलेली बुंदी लोक घरी बांधून न्यायचे. त्याचा एक नेम होता. चूल पेटली की शेवटची पंगत उठेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. घास नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मीठ बरोबर पडलंय की नाही हे तो वासावर ओळखायचा. लोकांच्या आधी आचाऱ्याच्या तोंडात काही गेलं तर अन्न उष्टं होतं, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. आई चिडायची, भट्टीपुढं चक्कर येऊन पडाल एक दिवस, म्हणायची. तो हसायचा आणि पुन्हा तेच करायचा.

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट असेल, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. शेजारच्या गावात एका बड्या घरचं लग्न. उन्हाळा असा की मांडवाखालीसुद्धा पाय भाजत होते. पंगती उठत होत्या, एक शेवटची राहिली होती, आणि ओरड झाली की नवरीची बोरमाळ गेली. नवरीच्या बापानं ठाण्यात माणूस पाठवला. माधवराव जमादार आला.

चोऱ्या शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं त्या काळी बोललं जायचं. आणि त्याची रीत सगळ्यांना माहीत होती — तांदूळ. संशय असेल त्या सगळ्यांना ओळीत बसवायचं, प्रत्येकाच्या तोंडात चिमूटभर कच्चे तांदूळ द्यायचे, चघळायला लावायचे आणि मग पानावर थुंकायला सांगायचं. ज्याचे तांदूळ ओले पडले तो सुटला. ज्याचं नुसतं कोरडं पीठ पडलं तो चोर, कारण भीतीनं तोंडाला कोरड पडते. यावर त्यानं किती चोर धरले होते म्हणे. लोक त्याच्या अंगात काही आहे असं समजायचे. तोही समजायचा.

त्यानं तांदूळ मागवले. ते कुणी आणून दिले? माझ्या बापानं. स्वतःच्या कोठारातून, ताटलीत घालून, वर पुन्हा निवडून बघितले खडा नाही ना म्हणून.

ओळीत बसलेले सगळे जेवून उठलेले होते. पान खाल्लेले, मठ्ठा प्यालेले. त्यांचे तांदूळ ओले पडले यात नवल काय? मी तेव्हा विशीत होतो, पंगतीत मठ्ठा वाढत होतो. माझेही ओले पडले — मधून मधून बादलीतला मठ्ठा मी चाखत होतो ना! बापाचं मात्र कोरडं पीठ पडलं. तेसुद्धा पुरतं पडेना, टाळूला चिकटून बसलं होतं. जमादारानं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. बाप बोलायला गेला. जीभ हलेना. कसंबसं म्हणाला, "साहेब, पानी..."

"आता पानी आठवलं व्हय?" जमादार म्हणाला, आणि मांडव हसला.

आणि मी? सांगतो. थोडं थांबा.

बापाला मांडवाच्या खांबाला बांधलं, मग ठाण्यात नेलं. तिथं काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण त्याच्या तळव्यांना मी हळद-तेल लावलंय. पुढं ती बोरमाळ नवरीच्या मावशीच्या पेटीत सापडली. घरची अब्रू म्हणून त्यांनी ते झाकलं, ठाण्यात मात्र सांगितलं, म्हणून बाप सुटला. पण सुटला ते कुणाला कळलं? बांधलेला सगळ्या पंचक्रोशीनं बघितला होता, सोडलेला कुणीच नाही. त्यानंतर त्याला कुठल्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. दागिने असलेल्या घरात असा आचारी कोण नेणार? झारा कोपऱ्यात पडून राहिला. बापानं भात सोडला. ताटात भात दिसला की उठून जायचा. म्हणून आईनंही सोडला, मग घरात शिजायचाच बंद झाला. पाच-सहा वर्षं असा जगला आणि गेला. जमादाराला त्याची खबरही नसेल.

मी मात्र जमादाराची सगळी खबर ठेवून होतो. त्याचं मूळ गाव शिरड, तिथं त्याची शेती, तीत तो हळद लावतो, सगळं ठाऊक होतं. मला दवाखान्यात काम शोधायचं होतं तेव्हा वसमतला जागा होती आणि शिरडला होती. वसमतचा दवाखाना मोठा होता. मी शिरड घेतलं. काय करायचं होतं मला तिथं? खरं सांगतो, काही ठरवलं नव्हतं. नुसतं त्याच्या आसपास राहायचं होतं. कधीतरी याचंही तोंड कोरडं पडेल, तेव्हा आपण समोर असावं, एवढंच. रोज सकाळी सुया उकळताना मी हेच घोकायचो. लोक देवाचं नाव घेतात, मी त्याचं घ्यायचो.

आणि तो दिवस आला. तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. हळद शिजवायचे दिवस, सगळ्या शिवारात वाफेचा वास. त्या दिवशी जवळा बाजारचा बाजार होता, म्हणून गाव अर्धं रिकामं. डॉक्टर नांदेडला गेलेले. भर दुपारी जमादार पोट धरून, वाकून दवाखान्यात शिरला. त्याची बदली जवळच्याच ठाण्यात झाली होती आणि सुट्टी काढून हळदीसाठी तो घरी आला होता. शेतातून पायी आलेला — पोटात अशी कळ की मोटरसायकलवर बसवेना, ती बांधावरच ठेवून आला होता.

"डॉक्टर न्हाई? मंग तूच काय तरी दे बाबा," तो म्हणाला.

डॉक्टर नसताना इंजेक्शन द्यायची मला परवानगी नव्हती. तरी दिलं. खाटेवर निजवलं, डाव्या हाताला सलाइन लावलं. जाड, निळी, आज्ञाधारक शीर — एकदाच टोचलं आणि लागली. कळ जरा थांबल्यावर त्यानं विचारलं, कोणत्या गावचा तू. मी गाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. आचारी होता, हेही सांगितलं. आणि त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यानं डोळे मिटून विचार केला.

"न्हाई बा. ध्यानात न्हाई येत," तो म्हणाला आणि झोपी गेला.

ध्यानात नाही! माझ्या बापाचं आयुष्य त्यानं चिमटीभर तांदळात संपवलं आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्यानं शिवी दिली असती तर मी सहन केली असती. त्या दुपारी मी त्याच्या उशाशी बसून होतो आणि माझ्या मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही. दिवस कलला तेव्हा तो उठला, बरं वाटतंय म्हणाला. मी त्याला कळ थांबायच्या गोळ्या दिल्या. या गोळीनं तोंडाला कोरड पडते, म्हणून प्रत्येक पेशंटला मी बजावतो की पाणी पीत राहा. त्याला बजावलं नाही. मुद्दाम नव्हे, त्याच्याशी आणखी बोलायची इच्छाच नव्हती. एवढं एक मी मुद्दाम केलेलं नाही. बाकी सगळं मुद्दाम.

संध्याकाळी बोंब उठली. जमादाराचा चुलतभाऊ दिगंबर स्वतःच्या शेतात, हळदीच्या कढईजवळ मरून पडला होता. डोकं फुटलेलं. दुपारीच कधीतरी झालं होतं. आणि त्याच सकाळी बांधावरून जमादाराची आणि त्याची हॉटेलात चारचौघांत भांडणं झाली होती; तुला एक दिवस हळदीसंगट शिजवतो, असं जमादार बोलून गेला होता. वर त्याची मोटरसायकल दुपारभर त्याच बांधावर उभी. एवढं असल्यावर दुसरा संशय कुणावर जाणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर पोलिसांचे साहेब येऊन बसले. नवे होते, जमादाराला ओळखत नव्हते. जो माणूस आयुष्यभर पारावर खुर्ची टाकून दुसऱ्यांना खाली बसवत आला, तो खाली मातीत बसला होता. घाबरलेला नव्हता, हे मान्य करतो. तो म्हणाला, मी दुपारभर दवाखान्यात होतो, कंपाउंडरला विचारा. दवाखान्यासमोर फुटाणे विकणारी सखूबाईसुद्धा म्हणाली, मी जमादाराला आत जाताना पाहिल्यावानी वाटतं.

मला बोलावलं. सगळं गाव बघत होतं. साहेबांनी विचारलं, काल दुपारी हे तुझ्याकडं होते का?

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "डॉक्टर नव्हते. दवाखान्याला कुलूप लावून मी बाजारला गेलो व्हतो."

झालं. एवढंच. किती सोपं होतं! माझा आवाजही हलला नाही. जमादार माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असेल, डॉक्टरच्या भीतीनं पोरगं खोटं बोलतंय. तुम्हालाही वाटेल. परवानगी नसताना सुई टोचली म्हणून मी घाबरलो असेन, असं म्हणून मला सोडून द्याल. देऊ नका. त्या सुईची आठवणसुद्धा मला तेव्हा झाली नाही.

पण सखूबाई अजून बोलत होती. म्हातारी असली तरी नजर पक्की होती तिची, आणि साहेब तिच्याकडं वळले होते. तेव्हा मी ते केलं — ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. दिगंबरचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता, बाप गेल्यानं बधिर झालेला. मी त्याच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, त्यांच्याच तांदळानं बघा की.

त्याला तो विचार सुचला नसता. कुणालाच सुचला नसता. मला का सुचला? कारण थोड्या वेळापूर्वी जमादारानं पोट दाबत खिशातून गोळी काढून गिळली होती, पाण्याशिवाय. ओठांवरून जीभ फिरवत होता, तरी ते ओले होत नव्हते. रोज शंभर जिभा बघतो मी. मला कळलं होतं.

दिगंबरचा मुलगा ओरडला, तांदूळ आणा. साहेब म्हणाले, असल्या गोष्टी कोर्टात चालत नाहीत. पण गावाला चेव चढला होता, त्यांनी अडवलं नाही. आणि जमादार? त्यानंच हात पुढं केला.

"आना. माझा तांदूळ मला फसवनार न्हाई," तो म्हणाला.

त्याचा खरंच विश्वास होता हो त्यावर. खोटं वागणारा माणूस नव्हता तो, हेच तर वाईट. त्यानं तांदूळ चघळले, चांगले चघळले. मग पानावर थुंकला. पांढरं पीठ. धूर निघाल्यासारखं कोरडं. उरलेलं टाळूला चिकटलं होतं, ते त्यानं बोटानं काढलं.

सखूबाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, दुसरं कोनी असंल बाई, मला नीट दिसत न्हाई आताशा. तिचं पाहिलेलं तिनंच पुसलं, त्या पिठापुढं. मला वाटलं, आत काहीतरी गार गार पसरतंय. मला आनंद झाला. लपवत नाही, पोटभर आनंद झाला. बघ म्हणालो मनात, बघ बाबा, आज मांडव कुणाला हसतोय.

जमादार मात्र पानाकडं बघत बसला होता. पोलिसांत आयुष्य गेलेलं, शोध लावणं हाच त्याचा धंदा. तिथं मातीत बसल्या बसल्या त्यानं शेवटचा शोध लावला. मान वर करून माझ्याकडं बघितलं. कालचं माझं गाव, बापाचं नाव, सगळं त्याच्या डोळ्यांत एकेक करून येताना मला दिसलं. जीभ जड झालेली, तरी तो सावकाश बोलला.

"त्या आचाऱ्याच्या बी तोंडात पानी नव्हतं. व्हय ना?"

"सकाळपासून नव्हतं," मी म्हणालो.

जवळच्यांना वाटलं, काहीतरी बरळतोय. त्यानं मान हलवली. मग जे विचारलं ते रागानं विचारलं नाही, राग असता तर बरं झालं असतं.

"तू बी व्हतास तितं. बादली घेऊन. मंग तवा तू काहून न्हाई बोलला?"

थोडं थांबा म्हटलं होतं ना, तिथं आलो आता. मी बादली घेऊन उभा होतो. बापानं घोटभर पाणी घेतलेलं नाही, हे त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण बड्या घरचा मांडव, समोर जमादाराचा हात — आणि त्याहून वाईट म्हणजे, ते कोरडं पीठ पाहून क्षणभर मलाही वाटलं, की बापानं खरंच घेतली असेल का? बापानं माझ्याकडं बघितलं होतं. मी बादलीत बघितलं.

याचं उत्तर मी जमादाराला दिलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. कंपाउंडर खोटं बोलतोय असं तो साहेबांना ओरडून सांगू शकला असता. तो उठला आणि गाडीकडं चालू लागला.

वर्षभर तुरुंगात होता. नोकरी गेली, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मग दिगंबरच्याच मेहुण्यानं कबूल केलं की रागाच्या भरात मी मारलं, आणि जमादार सुटला. पण सुटलेला कुणी बघतं का? मेहुण्याला वदवून घेतलं, पोलीसच तो, असं लोक म्हणायचे. आणि वर म्हणायचे, तांदूळ खोटं बोलतात का?

परत आल्यावर तो माझ्याकडं आला नाही. तो आमच्या गावी गेला. एका लग्नात, पंगत बसलेली असताना, त्यानं वाजंत्री थांबवायला लावली आणि माइक हातात घेतला. मी तिथं नव्हतो, आईनं सांगितलं. तो म्हणाला, इथल्या आचाऱ्याला मी चोर ठरवलं व्हतं. तो चोर नव्हता. त्याला पानी देऊन मंग इचारायचं, एवढं मला कळलं न्हाई. आणि पंगतीसमोर हात जोडून निघून गेला.

त्या दिवशी आईनं कित्येक वर्षांनी भात शिजवला. एक मूद बापाच्या फोटोपुढं ठेवली, एक स्वतः खाल्ली. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं मलाही वाढली. आणि म्हणाली, "इतका मोकळ्या मनाचा मानूस, मंग त्याच्यावर असा आळ कोनी घेतला रे?"

काय माहीत, मी म्हणालो. आणि भात खाल्ला. गोड लागला.

सूड घेतला याचं मला वाईट वाटतं का, असं स्वतःला विचारून पाहिलं. अजूनही धड वाईट वाटत नाही. तो तिथं मातीत बसलेला आठवला की आतून अजून बरं वाटतं, आणि मग त्याचा तो प्रश्न आठवतो. तो मरून आता बरीच वर्षं झाली. त्याच्या दहाव्याला शिरडची माणसं फारशी नव्हती. मी होतो, मागं उभा. तिथंही कुणीतरी तांदळाचा विषय काढलाच. माझ्या बापासाठी तो परक्या मांडवात उभा राहून बोलला होता. त्याच्यासाठी मला फक्त चार माणसांसमोर बोलायचं होतं. मी खाली बघितलं.

म्हणून आता इथं लिहितो. त्या दुपारी माधवराव जमादार दवाखान्यात होते. ऊन डोक्यावर असताना आले, दिवस कलल्यावर गेले. खाटेवर झोपले होते. सलाइन डाव्या हाताला होतं. ते मीच लावलं होतं.